सूचना : १ डिसेंबरपासून घरोघरी लूक

सर्व पालकांना प्रभूच्या नावात सलाम.

पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) लूककृत शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला, की नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण येशूच्या पुनरुत्थानापर्यंत पोहोचतो. मोठ्यांनी अख्खा अध्याय वाचावा. लहानांसाठी त्यातली एकच गोष्ट घ्या आणि ती खेळून घ्या.

हरवलेल्या नाण्याची गोष्ट असलेला १५वा अध्याय आला, की मुलांकडून दहा नाणी मोजून घ्या. एक लपवा, दिवे घालवा आणि त्यांच्या हातात बॅटरी द्या. पलंगाखाली, चपलांच्या कपाटात शोधू द्या. घाईने सांगून टाकू नका. नाणे सापडल्यावर आरडाओरडा होईल, तेव्हाच ८ ते १० ही वचने वाचा. एक पापी परतला तर स्वर्गात आनंद का होतो, हे मग वेगळे समजवावे लागत नाही.

१९व्या अध्यायात येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयासाठी खुर्ची हेच उंबराचे झाड. (हात धरा!)

नाताळचे गोड कुलकुल वळायला सगळे एकत्र बसतातच, तेव्हा आजी-आजोबांना मुलांकडून गोष्टी ऐकू द्या. पाठांतराची परीक्षा मात्र कृपया घेऊ नका.

घरी मराठी पवित्र शास्त्र नसेल, त्यांनी रविवारी उपासनेनंतर शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना भेटावे.