कर्करोगाच्या उपचारांत हृदय सांभाळणाऱ्या डॉक्टरांना खुले आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

माझ्या पत्नीच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगावरील उपचार नुकतेच पूर्ण झाले. शस्त्रक्रिया करणारे सर्जन, केमो देणारे डॉक्टर आणि शेक (रेडिएशन) देणारा विभाग यांना आम्ही प्रत्यक्ष भेटून आलो. आपल्याला मात्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण कर्करोगाच्या रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञ कशाला लागतो, असे आमच्या निफाडकडच्या नातेवाइकांनी वारंवार विचारले आणि त्याचे उत्तर आपल्या कामात आहे.

शस्त्रक्रियेनंतर केमो सुरू होण्याआधीच आपण तिचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतलात. तिला रक्तदाबाची एक गोळी चालू होती, एरवी हृदयाची काही तक्रार नव्हती. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तापैकी जेवढे टक्के रक्त बाहेर टाकतो ते प्रमाण, ६२ आले. आकडा चांगला असूनही आपण आम्हाला समोर बसवून सांगितलेत की पुढची प्रत्येक तपासणी याच आकड्याशी ताडून पाहिली जाईल. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाने हृदयाच्या स्नायूपेशी मरू शकतात, हा धोका एकूण मात्रेबरोबर वाढत जातो आणि असे नुकसान सहसा पूर्ण भरून येत नाही. चार डोसांची मिळून तिला मिळालेली मात्रा, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे २४० मिलिग्रॅम, आपण फाईलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवलीत, म्हणजे पुढे कधी कोणत्याही गावच्या डॉक्टरांना ती शोधत बसावी लागणार नाही.

केमोनंतरच्या ट्रॅस्टुझुमॅब या इंजेक्शनचा प्रश्न वेगळा होता. तिच्या गाठीत हर-टू हे प्रथिन जास्त होते आणि हे इंजेक्शन नेमके त्यालाच अडवते. परंतु ताण पडल्यावर स्वतःची डागडुजी करण्यासाठी हृदयाच्या पेशीसुद्धा त्याच प्रथिनावर विसंबतात, हे आपण कागदावर आकृती काढून समजावलेत. द्राक्षबागेत वाढलेल्या माझ्या पत्नीला ते लगेच उमगले, कारण फवारणी रोगावर केली तरी पान करपते का याकडे बागाईतदाराला लक्ष ठेवावेच लागते. हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षभर घ्यायचे आणि दर तीन महिन्यांनी इको करायचा, असे ठरले.

त्यानंतरच्या एका इकोत इजेक्शन फ्रॅक्शन ५८ होते. तेवढ्यावर समाधान मानून आपण आम्हाला घरी पाठवले असते, तरी आम्हाला काहीही कळले नसते. आपण स्ट्रेनही मोजलात. आकुंचन पावताना हृदयाचा स्नायू किती आखडतो याचे हे मोजमाप पुष्कळदा इजेक्शन फ्रॅक्शनच्या आधी घसरते, आणि तिच्या बाबतीत ते पहिल्या नोंदीच्या तुलनेत १५ टक्क्यांहून अधिक घसरले होते. आपण त्याच दिवशी कार्व्हेडिलॉल आणि रामिप्रिल या हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या लहान मात्रेत सुरू केल्यात.

तरीही पुढच्या इकोत प्रमाण ४८ वर आले. तिला दम लागत नव्हता, पायांवर सूज नव्हती; फक्त आकडा खाली आला होता. आता इंजेक्शन बंद होणार, या भीतीने ती खचली होती. आपण आमच्यासमोरच केमोच्या डॉक्टरांना फोन लावलात. इंजेक्शन थांबवले तर कर्करोग उलटण्याचा धोका किती आणि चालू ठेवले तर हृदयाला किती, हे आपण दोघांनी शांतपणे तोललेत. अशा रुग्णाला लक्षणे नसतील आणि प्रमाण ४० ते ४९ च्या दरम्यान असेल, तर हृदयाची औषधे देत आणि अधिक वेळा तपासत इंजेक्शन चालू ठेवण्याचा विचार करावा, असे युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजी या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, हेही आपण आम्हाला सांगितलेत. गोळ्यांची मात्रा वाढली, इको लवकर लवकर होऊ लागले आणि इंजेक्शनांचा क्रम चालू राहिला. त्या फोनसाठी मी आपला सर्वाधिक ऋणी आहे. दोन तज्ज्ञांमधले निरोप रुग्णाच्या नातेवाइकानेच इकडून तिकडे पोहोचवायचे, ही वेळ आपण आमच्यावर येऊ दिली नाहीत.

उन्हाळ्यात तिला जुलाब-उलट्या झाल्या, तेव्हा त्या दिवसापुरती रामिप्रिल थांबवायची आणि वरचा रक्तदाब १०० च्या खाली गेला तर लगेच कळवायचे, ही सूचना आमच्याजवळ आधीच लेखी होती. डाव्या बाजूला शेक देताना खोल श्वास रोखून धरला की फुप्फुस फुगते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते. ती पद्धत वापरता येईल का, असे आपण शेक विभागाला स्वतःहून विचारलेत आणि तिच्याकडून घरी श्वासाचा सराव करून घेतलात.

आपल्या इको विभागातील ताईंचेही आभार मानायला हवेत. डाव्या छातीवर ताजा व्रण आणि शेकाने काळवंडलेली, हुळहुळी कातडी असताना तिथेच प्रोब टेकवून स्पष्ट चित्र मिळवणे अवघड असते. त्या प्रत्येक वेळी आधी पडदा ओढून घेत, जेल कोमट करून घेत, कुठे दुखते ते विचारत आणि मगच हात लावत. स्त्रीच्या दृष्टीने याचे मोल किती असते, हे माझ्या पत्नीने मला सांगितले.

इंजेक्शन आणि इको एकाच दिवशी ठेवण्याची जी व्यवस्था आपण नाशिकमध्ये लावली आहे, तिने आमच्यापेक्षाही सुरगाणा, पेठ, कळवणहून एसटीने येणाऱ्या रुग्णांचा बुडणारा रोजगार वाचतो. केमो सुरू होण्याआधीचा पहिला इको जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णाला असाच मिळावा, अशी माझी इच्छा आहे, आणि ओळखीत कोणाला केमो सुचवली गेली की मी त्यांना त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगतो.

तिच्या शेवटच्या इकोत प्रमाण ५६ आले आहे. दोन्ही गोळ्या चालू आहेत आणि आपल्या सांगण्यावाचून त्या बंद करणार नाही. उपचार संपल्यावरही तपासणी सुटता कामा नये, हे आपले म्हणणे आम्ही पाळू. आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आम्ही दोघे आपले मनःपूर्वक आभार मानतो.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा पती, निफाड तालुका, जिल्हा नाशिक