आमचं नाव मार्चच्या यादीत नसतं

मा. श्रममंत्री यांस,
स. न. वि. वि.

पर्यटकांच्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीवर मी सात हंगाम काढले. पहिले दोन हंगाम डबे धुण्यात गेले, नंतरचे इंजिनावर, फायरमन म्हणून, म्हणजे भट्टीत कोळसा टाकून जाळ राखणारा. वाफेच्या इंजिनाला घाई चालत नाही. गाडी सकाळी दहाची असली तरी आम्ही पहाटे चारला शेडमध्ये हजर. कालची राख ओढायची, बारीक जाळ धरायचा आणि थंड बॉयलर दमादमानं तापवायचा. एकदम आग केली तर पोलाद सगळीकडे सारखं फुगत नाही आणि नळ्या गळायला लागतात. पाहुणे येतात तेव्हा शिट्टी होते, फोटो निघतात. पहाटेचे ते तास कुणाच्याच फोटोत येत नाहीत. कोविडच्या मदतीच्या याद्या झाल्या तेव्हा आपल्या खात्याच्या कागदांतही आमचं तसंच झालं, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० ला कोविडची साथ ही महामारी असल्याचं जाहीर केलं. ही तारीख जरा लक्षात घ्या. उत्तर गोलार्धातल्या कितीतरी पर्यटक-गाड्यांचा हंगाम त्याच सुमारास उघडायचा असतो. माणसं ठरलेली असतात, पण रुजू झालेली नसतात. ‘एक तारखेला या’ एवढं फोनवर बोलणं झालेलं असतं. कारखान्याला टाळं लागलं की कामगाराची नोकरी जाते. आमची गेली नाही, कारण ती त्या वर्षीची अजून सुरूच झाली नव्हती. आणि सुरू न झालेल्या नोकरीची भरपाई मागायला जायचं तरी कुठल्या खिडकीवर?

हे नुसतं रडगाणं नाही. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारनं काम थांबलेल्या कामगारांच्या पगाराचा ८० टक्के भाग उचलला, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत. योजना चांगलीच होती. पण अट अशी की माणूस २८ फेब्रुवारीला पगारपत्रकावर हवा. ओरड झाली तेव्हा ती तारीख १९ मार्चवर आणली. त्या वर्षी ईस्टर होता १२ एप्रिलला, आणि तिथल्या अनेक जुन्या वारसा-गाड्या खऱ्या अर्थानं धावू लागतात त्या ईस्टरपासून. म्हणजे ज्याला ईस्टरला कामावर घ्यायचं ठरलं होतं, तो तारीख पुढे ढकलूनही यादीच्या बाहेरच राहिला. कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. तारीख ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बारमाही नोकरी होती, इतकंच.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आणि माझ्या मते जास्त बोचरी. तिथे रेल्वे कामगारांच्या बेकारी विम्याचा स्वतंत्र कायदा आहे, १९३८ चा. त्याचं भत्त्याचं वर्ष जुलैत सुरू होतं आणि पात्रता ठरते ती आधीच्या कॅलेंडर वर्षाच्या कमाईवरून. ज्या पर्यटक-गाड्या या कायद्याखाली येतात, तिथल्या माणसाला जुलै २०२० पासूनच्या वर्षात २०१९ ची कमाई कामी आली. जुलै २०२१ पासून मात्र हिशेब २०२० चा. अलास्कातल्या स्कॅगवेची डोंगरी रेल्वे क्रूझ जहाजांच्या प्रवाशांवर चालते आणि २०२० च्या उन्हाळ्यात मोठी जहाजं तिथे आलीच नाहीत. हंगाम एकदा बुडतो, पण अशा नियमात त्याचा फटका दोनदा बसतो. दुसरा फटका तेव्हा, जेव्हा बाकीच्यांना वाटत असतं की साथ ओसरली, आता काय!

भारतात २२ मार्च २०२० पासून प्रवासी गाड्या थांबल्या, त्यात दार्जिलिंग, उटी, माथेरानच्या छोट्या गाड्याही आल्या. कायम नोकरीतला गार्ड पगारावर राहिला. त्याच फलाटावरचा हमाल त्याच दिवसापासून शून्यावर.

पर्यटक-गाड्या पुन्हा निघाल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी निम्म्या आसनांवर निघाल्या. डबा अर्धा रिकामा असला म्हणून कोळसा अर्धा लागत नाही. चढ तोच, पाणी तेवढंच. मग मालक वाचवतो ते माणसांत. आणि दोन मीटरचं अंतर? नॅरोगेजच्या इंजिनात ड्रायव्हर आणि फायरमन खांद्याला खांदा लावून उभे असतात. मी फावडं मागे घेतलं की कोपर ड्रायव्हरला लागायचं, साथ नसतानाही.

त्या वर्षी मी हंगामाच्या आठवडाभर आधीच येऊन राहिलो होतो. चौथ्या दिवशी खोल्या रिकाम्या करा असा निरोप आला. नोकरी आणि छप्पर एकाच दोरीला बांधलेलं, दोन्ही बरोबरच सुटलं. सामान घेऊन निघताना शेडमध्ये डोकावलो. इंजिन नीट उभं होतं. बॉयलरमधलं पाणी काढून टाकलेलं, धुराड्यावर पत्र्याचं झाकण, दांड्यांना ग्रीस. बंद इंजिनाची काळजी कशी घ्यायची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इंजिनाचा हिशेबही चोख असतो. अमेरिकेच्या नियमात बॉयलर १,४७२ सेवा-दिवस किंवा १५ वर्षं, जे आधी भरेल तेव्हा, उघडून कसून तपासावा लागतो. इंजिन पेटलेला एकेक दिवस वहीत चढतो. आमच्यासाठी तशी वही नाही असं कुणी म्हणू नये. हजेरीपट आहेच. तो कुणी मागितला नाही, एवढंच.

माझं मागणं म्हणून फार मोठं नाही. पुढच्या साथीत मदतीची यादी एखाद्या तारखेवर बांधू नका. मागच्या दोन-तीन हंगामांचा हजेरीपट मागवा. जो त्यात सलग दिसतो, तो याही वर्षी येणार होता असं धरा. आणि सरकारनंच बंद ठेवलेलं वर्ष पुढच्या पात्रतेच्या हिशेबातून वगळा. हे आत्ताच नियमात लिहून ठेवा, कारण ऐन साथीत घाईत लिहिलेल्या नियमात बारमाही माणूसच आधी आठवतो.

माझ्याबरोबरचे दोन फायरमन गोदामात लागले ते परत आले नाहीत. जाळ कसा राखायचा हे पुस्तकात कमी आणि शेजारी उभं राहून जास्त शिकता येतं. त्या दोघांच्या शेजारी आता कुणी उभं राहणार नाही.

माझ्या सातही हंगामांच्या पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. काही काजळीनं काळ्या झाल्यात, पण तारखा वाचता येतात. आपल्या खात्याला हव्या असतील तर घेऊन येतो.

आपला,
एक हंगामी फायरमन