बिलावर पार्ट नंबर लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात लेकीला बाळंतपणासाठी कल्याणहून नाशिकला आणत होतो. तिला सातवा महिना. कसारा घाटाच्या चढाला गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी ओढेना. समोर धुकं, वर पाऊस, मागे ट्रकचे हॉर्न. "बाबा, काय झालं?" असं तिनं तीनदा विचारलं. मग पोटावर हात ठेवून गप्प बसून राहिली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे पत्र.

गाडी डिझेलची, २०१४ ची. महिनाभर आधीच द्वारका परिसरातल्या एका दुकानातून डिझेल फिल्टर आणून मेकॅनिककडून बसवून घेतला होता. "कंपनीचाच माल आहे" म्हणून साडेचारशे रुपये घेतले. बिल मागितलं तर म्हणाले, "काका, बिलाचं काय घेऊन बसलात, मी आहे ना इथं." मी आग्रह धरला नाही, ही माझी चूक.

गाडी टो करून आणावी लागली. इंजिनात डिझेल फवारणारे दोन इंजेक्टर गेले होते, खर्च एकोणीस हजार. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "हा फिल्टर माझ्याकडचाच कशावरून?" माझ्या हातात कागद नव्हता.

मी सातपूरला २८ वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. काढलेला पार्ट मेकॅनिककडून मागून घ्यायची सवय आहे, त्यामुळे आधीचा कंपनीचा फिल्टरही घरात होता. दोन्ही हॅकसॉने उभे कापले. जुन्यातला कागद जाड, घड्या एकसारख्या, कडा पक्क्या चिकटवलेल्या. त्याच्या ८४ घड्या मोजल्या. नव्यात ५१ भरल्या, आणि एका जागी डिंक सुटून कागद पत्र्यापासून वेगळा झालेला. त्या फटीत माझं नख सहज गेलं. तिथून डिझेल न गाळताच पुढे जात होतं.

टाकीत हवेतला दमटपणा धरून थोडं पाणी साचतंच, पावसाळ्यात जास्त. ते फिल्टरच्या तळाशी अडवून खालच्या स्क्रूने काढून टाकायचं असतं. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर (हवेच्या दाबाच्या जवळपास दीड हजार पट) जातो आणि इंजेक्टरच्या आतली फट असते काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांची. टूलरूममध्ये दोन-तीन मायक्रॉनसाठी आम्ही दिवसदिवस लॅपिंग करत, म्हणजे बारीक पेस्टने पार्ट घासत बसायचो. अशा जागी पाणी आणि बारीक कचरा गेला तर काय होणार, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. पण खोका हातात घेतला तेव्हा मी तो नीट पाहिला नाही. नंतर पाहिला, तर त्यावर उत्पादकाचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, किमतीचं लेबल वरून डकवलेलं. पॅकबंद मालावर उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापणं वैध मापनाच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

शहरातल्या स्पेअर पार्टच्या सगळ्याच दुकानदारांना मी दोष देत नाही. पंचवटीत एकजण साध्या ओ-रिंगचंही बिल देतात. बाकीच्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की फिल्टर, ब्रेक लायनर, टायमिंग बेल्ट यांच्या बिलावर पार्ट नंबर लिहून द्या. मेकॅनिक बंधूंनी खोका गिऱ्हाइकासमोर फोडावा आणि जुना पार्ट परत द्यावा. द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडच्या पिकअप रात्रंदिवस धावतात, त्यांनाही हेच फिल्टर विकले जात असतील तर? वजन-मापं आणि पॅकबंद माल तपासणाऱ्या वैध मापन खात्याने दुकानांत जाऊन खोके तपासावेत. आणि ज्यांची अशी फसगत झाली असेल त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मीही नोंदवली आहे.

कापलेले दोन्ही फिल्टर खोक्यासकट जपून ठेवले आहेत. खात्यातलं कोणी पाहायला येणार असेल तर कधीही दाखवीन.

आपला,
एक निवृत्त फिटर,
पाथर्डी फाटा, नाशिक