सईच्या पाचवीबद्दल

नाशिक,
२ मार्च

प्रिय विनय,

रविवारी फोनवर तुला म्हटलं होतं की सविस्तर लिहितो. फोनवर मागून काकूंचा आवाज, मध्येच सईचं काहीतरी, त्यात नीट बोलणं होत नव्हतं. म्हणून आज निवांत बसलोय.

सईला ऑटिझम आहे, तर चौथीनंतर तिला पाचवीला कुठे घालू, हा तुझा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आहे त्याच संस्थेच्या हायस्कूलला घाल. आणि जून उजाडायची वाट बघू नकोस, ते हायस्कूल सईच्या ओळखीचं करायला आत्तापासूनच लाग. तुमच्या मेहुण्यांनी सुचवलेली ती इंग्रजी माध्यमाची शाळा चांगली असेलही. पण तिथे भाषा नवी, मुलं नवी, रस्ता नवा, इमारत नवी. एवढं सगळं एका दमात आपल्या मुलांच्या अंगावर आलं की त्यातलं नेमकं काय झेपलं नाही हेसुद्धा आपल्याला कळत नाही. इथे निदान वर्गातल्या निम्म्या मुली ओळखीच्या असतील, रिक्षावाले काका तेच असतील.

शाळा पक्की करण्याआधी मुख्याध्यापिकांना मात्र भेट आणि थेट विचार: वर्गात गोंगाट असह्य झाला तर सईने कुठे जाऊन बसायचं? बदली शिक्षक आले तर तिला आधी कोण सांगेल? त्या जर म्हणाल्या, "आम्हाला सगळी मुलं सारखीच," तर तेवढ्यावर खूश होऊन परत येऊ नकोस. ऐकायला गोड वाटतं, पण तेवढ्यावर राहिलं की सईसाठी वेगळं काहीच ठरत नाही. "बघू, लायब्ररीत बसवता येईल का विचारते," असं म्हणणाऱ्या बाई भेटल्या तर इमारत जुनी असली तरी चालेल.

चौथीतून पाचवीत जायचं, त्यात काय एवढं, असं लोकांना वाटतं. आपल्याकडच्या मराठी शाळांत त्या एका उन्हाळ्यात सगळंच बदलतं हे त्यांच्या लक्षात येत नाही. चौथीपर्यंत एकच बाई. त्यांना पोराचं सगळं ठाऊक. पाचवीत दर पस्तीस मिनिटांनी घंटा, दर घंटेला नवे सर नाहीतर बाई, प्रत्येकाची बोलायची तऱ्हा वेगळी. पेन्सिल जाऊन पेन येतं, म्हणजे चुकलं तर खोडता येत नाही. हिंदी सुरू होतं. दुपारची शाळा सकाळची होते. मधल्या सुट्टीत जिन्यात दहावीची दांडगी मुलं असतात.

आमच्या ओंकारलाही ऑटिझम. पाचवीत त्याला सगळ्यात जड गेलं ते तास बदलणं. गणित अर्धं सोडवून झालेलं, तेवढ्यात घंटा, इतिहासाच्या बाई आत आलेल्या आणि फळा पुसला जातोय. तो फळ्यापुढे जाऊन उभा राहायचा, पुसू द्यायचा नाही, ओरडायचा. आम्हाला निरोप आला की मुलाला शिस्त नाही. खरं काय होतंय ते गणिताच्या सरांनी ओळखलं. अर्धवट राहिलेलं गणित त्याच्या डोक्यातून जातच नव्हतं. सरांनी त्याच्या वहीचं शेवटचं पान उघडलं, समास आखला आणि वर लिहिलं 'राहिलेलं'. घंटेच्या आधी सर त्याच्या बाकावर दोन बोटं टेकवायचे. मग ओंकारने त्या पानावर तारीख, पान नंबर आणि उदाहरणाचा नंबर लिहायचा, सर खाली सही करायचे. ती सही फार महत्त्वाची होती. सरांच्याही लक्षात आहे, हे त्याला त्या सहीतून कळायचं, आणि मग तो वही मिटायचा. पुढे सगळ्याच विषयांच्या वह्यांना ते पान आलं. आता नववीत आहे, सही लागत नाही, पण पान अजून असतं. ना थेरपिस्टचा खर्च, ना कुठलं साधन. शिस्तीच्या आधी पोराची अडचण शोधणारा एक माणूस शाळेत लागतो, विनय. असं कोण आहे ते एप्रिलच्या आत हुडकून काढ. वर्गशिक्षकच असतील असं नाही, चित्रकलेच्या बाई असतील, कधी शिपाई मामा असतील.

आता तयारीचं. परीक्षा संपल्या की शाळा ओस पडते, तेव्हा सईला घेऊन जा. पहिल्यांदा नुसतं फाटकापर्यंत. मग वर्ग, मग जिना, पाण्याचे नळ आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह. याबद्दल शाळेत कुणी बोलत नाही, पण कडी लागत नाही, वास येतो, पाण्याचा आवाज घुमतो म्हणून आपली मुलं सकाळपासून घरी येईपर्यंत दाबून धरतात. मग पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि शाळा म्हणते की शेवटच्या दोन तासांना लक्ष देत नाही. कोणतं स्वच्छतागृह बरं आहे ते सईने स्वतः ठरवू दे, आणि तासाच्या मध्ये उठून जायची परवानगी आधीच घेऊन ठेव. शिपाई मामांना विनंती करून तिच्यासमोर एकदा घंटा वाजवून घे. जमलं तर तिच्याच हातून. प्रत्येक जागेचा फोटो काढ आणि घरी पातळशी वही करून चिकटवा. सईला कॅलेंडरातल्या तिथीसुद्धा पाठ असतात, म्हणजे तिच्यासाठी हे सोपं आहे. शाळेत कधी जायचं, गणवेश कधी आणायचा, पहिला दिवस कधी, हे तिच्या कॅलेंडरवर तिलाच लिहू दे. काही बदललं तर तेही लगेच तिथेच खोडून नवं लिहायचं. गणवेश मेमध्येच घ्या, चार-पाचदा धुवा, मानेमागचं लेबल उसवून टाका आणि घरात घालून वावरू द्या.

पुढचं स्मिताने वहिनींसाठी लिहायला सांगितलंय. सई दहा वर्षांची आहे, पाळी आता फार लांब नाही. ती आल्यावर सांगू असं करू नका. आधीच चित्रं काढून दाखवा, काय होतं, किती दिवस चालतं, दुखू शकतं पण ते आजारपण नसतं. पॅडचा स्पर्श सहन होतो का हे आधीच घरी बघा, वेगवेगळ्या प्रकारची आणून तिला निवडू द्या. शाळेत कोणत्या बाईंना सांगायचं ते नावासकट ठरवा. तिला तोंडाने सांगता येणार नसेल तर दप्तरात एक रंगीत कार्ड ठेवा, ते नुसतं बाईंच्या हातात द्यायचं.

तू म्हणालास, "शाळेतून कधी तक्रार येत नाही, बाई म्हणतात छान असते. घरी आली की मात्र दप्तर फेकते, किंचाळते. म्हणजे घरीच आमचं काहीतरी चुकतंय." विनय, हे मनातून काढून टाक. बाई खरं सांगतात आणि तूही खरं सांगतोस. सई शाळेत असेपर्यंत स्वतःला आवरून धरते. पाय हलवायचे नाहीत, कान झाकायचे नाहीत, बाकीच्या मुली हसल्या की आपणही हसायचं. अनेक मुलींच्या बाबतीत हेच होतं, म्हणूनच त्यांचं निदान उशिरा होतं. सईचंही आठव ना, सात वर्षांची होईपर्यंत सगळे 'लाजाळू' म्हणत राहिले. घरी आल्यावर ते आवरलेलं सगळं एकदम सुटतं, कारण घरात तिला सोडता येतं. मला तर वर्गात उठून ओरडणाऱ्या ओंकारपेक्षा तुझ्या गप्प बसणाऱ्या सईची जास्त काळजी वाटते. ओरडणाऱ्याकडे निदान कुणीतरी बघतं.

म्हणून दारातच "आज काय शिकवलं?" विचारू नका. काकूंनाही हे प्रेमाने समजावून सांग. आल्या आल्या पंखा, पाणी, खायला रोजचंच काहीतरी, आणि झोपाळा. अर्धा-पाऊण तास कुणी काही विचारायचं नाही. शिकवणी तर त्या वेळेत अजिबात ठेवू नका. आणि किंचाळायला लागली तर समजावत बसू नकोस, तेव्हा शब्द आत पोचत नाहीत. दिवा मालवायचा, घरातल्या माणसांना बाजूला करायचं, न विचारता जवळ घ्यायचं नाही, आणि तू दिसेल असा जमिनीवर बसून राहायचं. हट्ट करणारं मूल आपल्याकडे कुणी बघतंय का ते बघत असतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. हे तसं थांबत नाही. हा हट्ट नाही आणि लाडाने बिघडणंही नाही. चारचौघांत कुणी तसं म्हणालं तर तू तिच्या बाजूने बोल. ती ऐकत असते.

वहिनींना दिव्यांग प्रमाणपत्र नको वाटतंय, पोरीवर शिक्का बसेल म्हणून. त्यांची भीती मला कळते. तरी माझं स्पष्ट मत आहे की काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे. सरकारमान्य शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ, या दहावीच्या सवलती आज लांबच्या वाटतात, पण कागद तयार नसला तर ऐन वेळी फार धावपळ होते. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय विमा योजनाही बघून ठेव, वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे.

प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी. तिथे ऑटिझम किती आहे ते मोजणारी 'इसा' नावाची ४० मुद्द्यांची चाचणी असते, प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. मूल त्या दिवशी गप्प बसलं तर गुण कमी पडू शकतात, म्हणजे टक्केवारीही कमी येते. म्हणून घरी काय होतं ते वहिनींनी आधीच तारखेनिशी लिहून न्यावं, बाईंचं पत्र जोडावं, किंचाळण्याचे वगैरे दोन-तीन छोटे व्हिडिओ असू द्यावेत. ते दाखवताना सई खोलीत नसेल एवढं बघा.

काकूंना कुणीतरी सांगितलंय ना, पुण्या-मुंबईकडे स्टेम सेलने, म्हणजे मूळ पेशी टोचून, 'पूर्ण बरं' करतात म्हणून? त्या वाटेला जाऊ नकोस. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल उपचार म्हणून देताच येत नाहीत, संशोधनाच्या चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी पैसे घ्यायचे नसतात. तेच पैसे ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपीला वापर.

आणि सईला तिच्या ऑटिझमबद्दल सांगा. वर्गाला कळायच्या आधी तिला कळू दे. आम्ही ओंकारला इतकंच सांगितलं होतं की तुझे कान आवाज जास्त पकडतात, तुला अर्धवट राहिलेलं सोडवत नाही, अशी आणखी पुष्कळ माणसं जगात आहेत आणि याला ऑटिझम म्हणतात. मग त्याला विचारून बाईंनी वर्गात तेवढंच सांगितलं. काही मुलं त्याच्याकडून भलतीसलती वाक्यं वदवून घेऊन हसायची, त्याला वाटायचं आपण सगळ्यांना आवडतो. हे आम्हाला त्याच्या बाकावरच्या मुलाने सांगितलं, ओंकारने नाही. म्हणून बाकावर कोण बसेल हे नशिबावर सोडू नका, बाईंशी बोलून ठरवा, आणि त्या मुलीच्या आईशी वहिनींची ओळख असू द्या.

आता एक काम. सईबद्दल एक पान लिहा. एकच, कारण साठ मुलांच्या वर्गात बाई त्याहून जास्त वाचणार नाहीत. तिला काय आवडतं ते सगळ्यात वर. मग तिला त्रास कशाचा होतो, त्रास व्हायला लागलाय हे कसं ओळखायचं (ती बोटांची टोकं चोळते ना, ते लिहा), तेव्हा काय करायचं, काय करायचं नाही, आणि तुमचे दोघांचे नंबर. वहिनींनी लिहावं, सईला वाचून दाखवावं, तिला खोडायचं ते खोडू द्यावं. मग मला पाठव. इथे गणिताचे सर अजून भेटतात, त्यांना दाखवून त्यांचं मत कळवतो.

मेमध्ये सगळे नाशिकला या. सईला मागची खोली देऊ, त्या बाजूला वर्दळ नसते. ओंकारला विचारलंय, वह्या दाखवायला तो तयार आहे, फक्त हात न लावता बघायच्या म्हणाला.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि सईला स्मिताचा निरोप की ती वाट बघतेय.

तुझा,
प्रमोद

ता. क. सिव्हिलला जाताना सईचा डबा, कानावरचे हेडफोन आणि जाडसर चादर न्या. रांग मोठी असते. तू रांगेत उभा राहा, वहिनी आणि सई बाहेर गाडीत बसू देत, नंबर जवळ आला की बोलव.