गच्चीच्या कामाचा अ‍ॅडव्हान्स देण्याआधी

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर माझा आवाज चढला, सॉरी. बाबा, तुम्हाला काही कळत नाही असं मला अजिबात म्हणायचं नव्हतं, त्या माणसाला लगेच पंचवीस हजार देऊ नका एवढंच सांगायचं होतं आणि तेच नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. आई, तू त्यांना वाचून दाखव.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायलाच पाहिजे, त्यात वादच नाही. दिवाळीत देवघराच्या भिंतीला हात लावला तर रंगाचा पापुद्रा बोटाला चिकटून आला आणि मागे लोणा लागलेलं प्लास्टर भुसभुशीत, नखाने सुद्धा पडत होतं. पावसाच्या आत काम उरकायला हवं हेही खरं. पण ही घाई त्या माणसालाही माहितीये ना, म्हणून तर तो म्हणतो उद्यापासून रेट वाढणार, आजच बुकिंग करा. ज्याच्याकडे खरंच काम आहे तो असा दारात उभा राहून घाई करत नाही, तो उलट आपल्यालाच थांबायला लावतो.

बाबा, तुम्ही त्याच्या कार्डचा फोटो पाठवलात ना, त्यावरचा जीएसटी नंबर मी सरकारी पोर्टलवर टाकून बघितला. लॉगिन लागत नाही, 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये नंबर टाकला की नाव, पत्ता, कधीपासून रजिस्टर आहे सगळं दिसतं. सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र, ते बरोबर आहे, पण नंबर निघाला दुसऱ्याच नावावर आणि तोही रद्द झालेला. आणि कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी मात्र लावलाय! आपल्या गवंडीकाकांकडे जीएसटी नंबर नाही म्हणून ते खोटे ठरत नाहीत, वर्षाला 20 लाखांच्या आत काम असलेल्याला तो घ्यावाच लागत नाही, पण मग ते टॅक्सही लावत नाहीत. नंबर नसणं वेगळं आणि दुसऱ्याचा नंबर छापणं वेगळं.

ऑनलाइन साडेचार स्टार आहेत म्हणालात. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तीन वर्षांपूर्वी इथे पुण्यात बाथरूमच्या लिकेजला मी असाच स्टार बघून माणूस बोलावला होता. वीस हजार आधी दिले, दोन दिवस माणसं आली, टाइल्स फोडल्या आणि गेली ती गेलीच, फोन बंद. नंतर रिव्ह्यू वाचत बसले तर चांगले सगळे एकाच आठवड्यातले, 'बेस्ट सर्व्हिस' एवढंच, कुठलं काम, कुठला एरिया काही नाही. एक स्टारवाले चारच होते आणि चौघांनीही तेच लिहिलं होतं की पैसे घेतल्यावर फोन उचलत नाही. महिनाभर शेजारच्यांकडे आंघोळीला जात होते मी. तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नाही, पण तेव्हा बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

म्हणून माझा एकच हट्ट आहे. गच्चीचं काम करून दोन दिवस झाले की सगळ्यांचंच चकाचक दिसतं, खरं काय ते पावसाळ्यात कळतं. त्यामुळे कुणालाही काम द्यायचं तर त्याने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेली साताऱ्यातलीच एखादी गच्ची आपण स्वतः बघायची आणि त्या घरच्यांशी तो समोर नसताना बोलायचं. कोब्यावर काठीने ठोकून बघायचं, बद्द आवाज आला तर खालून सुटलंय. कठड्याचा कोपरा आणि पाइपाचं तोंड नीट बघायचं, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. आणि मग खाली येऊन त्यांच्या खोलीचं छत बघायचं. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदापेक्षा मला ते कोरडं छत जास्त खरं वाटतं. गॅरंटी देणारा दुसऱ्याच वर्षी नंबर बदलून गेला तर कागद कुणाला दाखवणार?

पैसे टप्प्याटप्प्यानेच द्यायचे, माल गच्चीवर आला, डबे सीलबंद आहेत हे बघितलं की थोडे, अर्धं काम झालं की थोडे, आणि शेवटचा हप्ता पाइपाची तोंडं बंद करून 48 तास पाणी साठवून बघितल्यावर. हे सगळं आधीच कागदावर, किती चौरस फूट, कुठला माल, किती कोट. पक्कं बिल घ्यायचंच, पुढे काही झालं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला सांगायला हातात काहीतरी लागतं. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. गवंडीकाकांना मी काल विचारलं तर ते म्हणाले, ताई, तीन वर्षांपूर्वी गोडोलीत केलेली गच्ची आहे, कधीही येऊन बघा.

मी शनिवारी रात्रीच्या एसटीने येतेय, रविवारी सकाळी आपण जाऊ. बाबा, तिथला जिना उभा आहे म्हणे, तुम्ही खालच्या खोलीचं छत बघा, वर मी चढते. आणि आई, देवघरातल्या आजोबांच्या फोटोमागे ओल आलीये, तो आत्ताच काढून कपाटात ठेव.

तुमची,
ताई