नवे ग्राफिक्स कार्ड: जादा पैसे नेमके कशाचे?

महोदय,

नवे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकात गेमचे चित्र तयार करणारा भाग, आले की ‘आधीपेक्षा दुप्पट वेगवान’ अशी बातमी तंत्रज्ञानाच्या पानावर येते, आणि ती वाचून धडधाकट चालणारे कार्ड बदलायला लोक निघतात. हा खर्च मोठा असतो आणि चुकला तर पुढची तीन-चार वर्षे निस्तरावा लागतो, म्हणून हे पत्र.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० जाहीर केले तेव्हा ते आपल्याच आधीच्या पिढीतल्या सर्वांत वरच्या ४०९० कार्डाच्या तोडीचे असल्याचे सांगितले. ५०७० मध्ये ६,१४४ कुडा कोअर (आकडेमोड करणारे छोटे घटक) आणि १२ जीबी मेमरी आहे. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी. ही दरी भरून काढली ती मल्टी फ्रेम जनरेशनने. फ्रेम म्हणजे पडद्यावर एकापाठोपाठ दिसणाऱ्या चित्रांपैकी एक; या तंत्रात कार्ड तेव्हा दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये तीनपर्यंत फ्रेम्स अंदाजाने भरत असे. चित्र सलग दिसते हे खरे, पण माउस हलवल्यावरचा प्रतिसाद खऱ्या फ्रेम्सच्या गतीनेच येतो. सेकंदाला ३० खऱ्या फ्रेम्स म्हणजे दर फ्रेमला ३३ मिलिसेकंद; मध्ये कितीही भर घाला, हा आकडा खाली येत नाही. उलट मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची खरी फ्रेम हाती यावी लागते, त्यामुळे उशीर थोडा वाढतोच. ज्याच्याकडे मुळात ६० च्या वर खऱ्या फ्रेम्स आहेत त्याला हे तंत्र उत्तम. ज्याचे कार्ड २५-३० वर धापा टाकते आहे, त्याचे दुखणे याने बरे होत नाही. म्हणून दोन कार्डांची तुलना फ्रेम जनरेशन बंद ठेवूनच व्हायला हवी. एनव्हिडियाच्या डीएलएसएस ४ या एआय तंत्रातले सुधारित अपस्केलिंग (लहान चित्र मोठे करून दाखवणे) तर आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या सगळ्या कार्डांवर चालते. तेवढ्यासाठी नवे कार्ड घेण्याची गरजच नाही.

खरेदीआधी घरच्या घरी एक तपासणी करावी. आफ्टरबर्नरसारखे मोफत सॉफ्टवेअर लावून, व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या गतीला बांधणारी सोय) आणि फ्रेम्सची मर्यादा दोन्ही बंद करून, नेहमीचा गेम वीस मिनिटे खेळावा आणि कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहावे. तो ९५ च्या वर टिकून असेल तर कार्ड खरोखरच पुरे पडत नाही. ६०-७० वर घुटमळत असेल तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसले आहे. खात्रीसाठी रिझोल्यूशन १४४०पी वरून १०८०पी वर आणावे. पिक्सेल ३६.९ लाखांवरून २०.७ लाखांवर येतात, म्हणजे कार्डाचे ओझे बरेच उतरते. तरीही फ्रेम्स वाढल्या नाहीत तर नव्या कार्डानेही वाढणार नाहीत. अशा वेळी दोष बहुधा दुसरीकडे सापडतो: रॅमची एकच पट्टी लावलेली असते, किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू न केल्याने ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ वर चालत असते. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेलीही आढळते. मग बऱ्याचदा कार्डाचा वापर जवळजवळ शून्य दिसतो.

कार्डच कमी पडते असे ठरले, की पहिला प्रश्न मेमरीचा. नावातला मोठा आकडा इथे हमखास फसवतो. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (चिप आणि मेमरी यांच्यातल्या वाटेची रुंदी) आणि सेकंदाला ३६० जीबी वेग आहे. २०२३ च्या ४०६० मध्ये ८ जीबी, १२८ बिट आणि २७२ जीबी. तरी १०८०पी वर, मेमरी पुरते तोवर, ४०६० पुढेच राहते, कारण चिपमधली एल२ कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी, ३ एमबीवरून २४ एमबी झाली आहे आणि बाहेरच्या मेमरीकडे फारसे जावे लागत नाही. मेमरी भरली की मात्र चित्र पालटते. उरलेला डेटा संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय एक्स्प्रेसमधून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीतून, ये-जा करतो. ४०६० ला त्यातल्या आठच लेन (डेटाच्या वाटा) आहेत. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यांतून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जाते. कुठे २७२ आणि कुठे ८! समोरची भिंत आधी धुरकट दिसते, मग दोन सेकंदांनी तिच्या विटा उमटतात. वळताना हिसका बसतो. सरासरी फ्रेम्स चांगल्या दिसत असताना हे घडते. म्हणून सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सचा आकडा पाहावा. सरासरी ९० आणि लो ३५ असेल तर खेळ सुखाचा होत नाही.

याच कारणाने ५०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबीच्या दोन प्रकारांत १६ साठीचे जादा पैसे वसूल होतात, असे माझे ठाम मत आहे. चिप तीच, ४४८ जीबीचा वेग तोच. पण टेक्स्चर (भिंती, जमीन अशा पृष्ठभागांवरची चित्रे) सर्वांत वरच्या दर्जावर ठेवता येते, आणि त्या सेटिंगला वेग फारसा लागत नाही, मेमरी लागते. घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी तर आधी मेमरीच मोजावी: ७ अब्ज पॅरामीटरचे (मॉडेलमधल्या साठवलेल्या आकड्यांचे) मॉडेल १६ बिटमध्ये १४ जीबी खाते.

पैशांचा हिशेबही दोन तऱ्हांनी करावा लागतो. नवे कार्ड ४० टक्के महाग आणि २५ टक्के वेगवान असेल, तर दर फ्रेमची किंमत १२ टक्क्यांनी वाढली. नुसत्या कार्डाकडे पाहता सौदा तोट्याचा. पण संपूर्ण संगणकच नव्याने जुळवताना कार्डाचा वाटा एकतृतीयांश असेल, तर एकूण खर्च साधारण १३ टक्केच वाढतो आणि वेग २५ टक्के मिळतो. तिथे महाग कार्ड घ्यावे. नुसते कार्ड बदलताना नव्याच्या किमतीतून जुन्याचे येणारे पैसे वजा करावेत आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बदलावा लागणार असेल तर तो मिळवावा. विजेचा हिशेब उलट, म्हणजे बचतीच्या बाजूनेही जाऊ शकतो: ३०६० ला १७० वॅट लागतात, ४०६० ला ११५. रोज चार तास पूर्ण भार धरला तर वर्षाला सुमारे ८० युनिट वाचतात.

स्लॉटमधून ७५ वॅट आणि आठ पिनच्या एका जोडणीतून १५० वॅट, ही मर्यादा धरून केबल मोजाव्यात. सोळा पिनची (१२+४) नवी जोडणी पूर्ण आत बसलीच पाहिजे. कडेने फट दिसली तर संगणक चालू करू नये, अर्धवट बसलेल्या पिना तापून वितळतात. केबल तोंडापाशीच वाकवू नये. कॅबिनेटमधली लांबी आधी पट्टीने मोजावी, पुढचे पंखे धरून.

आपल्या पानावर पुढच्या वेळी नव्या कार्डाची बातमी येईल तेव्हा फ्रेम जनरेशनशिवायच्या फ्रेम्स, १ टक्का लो, मेमरी आणि लेनची संख्या हे चार आकडे मथळ्याखालीच छापावेत, ही विनंती.

आपला,
संगणक जुळणीच्या कामातला एक वाचक