रोपाला उन्हाची सवय होऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात नागपुरातल्या सिग्नलवर माणसांसाठी हिरवी जाळी बांधली जाते. त्याच दिवसांत ग्रीन नेटखाली वाढलेलं जास्वंदाचं किंवा गुलाबाचं रोप नर्सरीतून आणून लोक थेट गच्चीवर ठेवतात. तीन-चार दिवसांत पानं पांढरी पडली, की रोग समजून बुरशीनाशक मारतात. रोप रोगट नसतं. उन्हाशी जुळवून घ्यायला त्याला वेळच मिळालेला नसतो.

सूर्याच्या अतिनील किरणांतले 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे अतिनील-बी किरण पेशीतल्या डीएनएला इजा करतात. डीएनएच्या साखळीत थायमिन नावाचा एक घटक असतो; शेजारची दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची नक्कल अडते. झाडाला हे किरण ओळखता येतात. त्यासाठी यूव्हीआर-8 नावाचं प्रथिन असतं, आणि ते काय काम करतं हे 2011 साली स्पष्ट झालं. किरण पडले की या प्रथिनाची जोडी सुटते आणि पानाच्या वरच्या सालीत फ्लेव्होनॉइड्स साठवण्याचा निरोप जातो. ही द्रव्यं अतिनील किरण शोषतात, पण अन्न तयार करायला लागणारा प्रकाश आत जाऊ देतात. एवढं करूनही जी इजा होते, ती फोटोलायेज हे विकर दुरुस्त करतं, तेही निळ्या प्रकाशाच्या बळावर. (माणसाच्या शरीरात हे विकर नाही.)

खिडकीच्या काचेतून अतिनील-बी जवळजवळ येतच नाही. त्यामुळे हॉलमध्ये कूलरशेजारी वाढलेल्या कुंडीला हा निरोप कधी मिळालेलाच नसतो. ग्रीन नेटखालच्या रोपाला तो अर्धामुर्धा मिळतो. अशा रोपाची पानं पातळ आणि पसरट असतात. तयार झालेलं पान नंतर फारसं जाड होत नाही. खरी तयारी नव्या पानांत होते, म्हणून घाई चालत नाही.

आंब्याची तांबूस पालवी पाहूनही काही जण औषध फवारतात. कृपया फवारू नका. तो लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. पानाचं हरितद्रव्य पुरतं तयार होईपर्यंत तो जादा प्रकाश अडवतो. अतिनील-बी अडवण्याचं मुख्य काम मात्र डोळ्यांना न दिसणारी, रंगहीन द्रव्यं करतात. पालवी खाली लोंबते तीही उगाच नाही, कारण दुपारचं ऊन तिच्यावर तिरपं पडतं. कुसुमाची लालभडक पालवीही अशीच. रिकाम्या प्लॉटवरच्या रुईचं कोवळं पान अंगठ्यानं घासून पाहा. पांढरी लव आणि भुकटी निघून येते आणि खाली हिरवा रंग दिसतो. ऊन परतवायचं आणि पाणी राखायचं, ही दोन्ही कामं तो थर करतो.

उन्हानं भाजलेलं पान ओळखणं सोपं आहे. डाग पानाच्या वरच्या बाजूला आणि ऊन पडतं तिथेच येतो. वरच्या पानाची सावली जेवढ्या भागावर पडली, तेवढा भाग हिरवाच राहतो. बुरशीचा डाग सावली पाहत नाही आणि पसरत जातो. कडा आणि टोकंच वाळत असतील, तर आधी पाणी आणि तापलेली कुंडी तपासा. गच्चीवर पानाला प्रखर प्रकाश, उष्णता आणि अतिनील किरण हे तिन्ही एकदमच सोसावे लागतात. एकट्या अतिनील किरणांना दोष देणं बरोबर नाही.

रोप आणल्यावर पहिले दोन दिवस सावलीत ठेवा. नंतर सकाळी सातपासून तासभर ऊन द्या आणि दर दोन दिवसांनी अर्धा तास वाढवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली, की रोप आत घ्या. मे महिन्यात नागपुरात ही वेळ साधारण नऊ ते साडेतीन असते. पारा तीन-चारच्या सुमारास चढतो, पण अतिनील किरण बाराच्या आसपास सर्वांत जास्त असतात, म्हणून तापमानावरून अंदाज बांधू नका. आणायला उशीर झालाच असेल, तर 50 टक्के सावली देणारी जाळी रोपाच्या दीड-दोन फूट वर, पानांना टेकणार नाही अशी बांधा. काळी पिशवी तापल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा. सवय लावण्याच्या या दिवसांत युरिया देऊ नका, त्यानं फुटवा लुसलुशीत येतो आणि तोच आधी करपतो. भाजलेली पानंही लगेच तोडू नका. खालच्या फुटव्याला त्यांचीच सावली असते.

जुलैच्या वृक्षारोपणातही हेच घडतं. नेटखालची रोपं ट्रकमधून थेट उघड्या मैदानावर जातात. ढग असले तरी पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात, आणि पावसानं उघडीप दिली की कडक ऊन पडतं. वृक्षारोपण करणाऱ्या संस्थांनी रोपं लावण्याआधी किमान आठवडाभर नेटबाहेर ठेवावीत. नर्सरीवाल्यांनीही प्रत्येक पिशवीवर 'नेटखालचं' किंवा 'उन्हातलं' एवढा एक शब्द लिहावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर